गाणे आणि गाणारा: मराठवाड्यातील मौखिक परंपरेचा अभ्यास

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील मौखिक परंपरेची लिखित नोंद तेराव्या शतकापर्यंत मागे नेता येते. पैठण, वेरूळ, भोकरदन या भागांत वावरलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ही घरोघर सांगितली जाणारी गोष्ट त्यात जुन्या रूपात सापडते. म्हाइंभटाची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. स्वामींच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून त्याने लीळा मिळवल्या. सांगणाऱ्यांच्या आठवणी जिथे जुळत नाहीत तिथे तो फरकही पोथ्यांत टिकून राहिलेला दिसतो. काम भक्तीपोटी झाले, पण आजच्या क्षेत्रीय अभ्यासकाला ते परके वाटू नये.

त्यानंतरचा मोठा साक्षीदार पैठणचाच. संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, पांगुळ, बाळसंतोष, जोगवा मागणारी अशी पात्रे येतात. सोळाव्या शतकात दारावर कोण कोण येत असे, याची ही जणू हजेरीच. मात्र नाथांना या पात्रांच्या तोंडून अध्यात्म सांगायचे होते. त्यामुळे वासुदेव येत होता हे भारुडावरून कळते, तो स्वतः काय गात होता हे कळत नाही. लोकसाहित्याचे बरेच अभ्यासक इथे घसरले आहेत.

निजामी राजवटीत पाहणी झाली ती कारभाराच्या गरजेतून. सय्यद सिराज-उल-हसन यांचा हैदराबाद संस्थानातील जाती-जमातींवरचा इंग्रजी ग्रंथ १९२० साली निघाला. उत्पत्तीच्या दंतकथा, पोटभेद, विवाह, देवदेवता, अंत्यविधी अशा ठरावीक रकान्यांत माणसे बसवणारी ही मांडणी माहिती म्हणून मोलाची आहे. गाणारा माणूस तिच्यात जवळजवळ नाहीच. शेजारच्या ब्रिटिश मुलखात त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात फिरस्त्यांचे वर्णन बारकाईने येते, पण ते कुणब्याच्या ओसरीवरून केलेले. त्या नजरेला फिरस्ता हा आधीच खचलेल्या शेतकऱ्यावर पडणारा आणखी एक भार होता.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तोवर दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ने या विषयाला मराठीत शास्त्रीय बैठक दिली होती, आणि पुढे सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली राज्यभरातील गीते-कथांचे खंड निघत गेले. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२६ मध्येच बजावले होते की, दैवतकथा समाजाच्या व्यवहारात कोणते काम करते हे पाहिल्याशिवाय ती कळत नाही. मराठीत मात्र गीत उतरवून घ्यायचे आणि त्यातील काव्याचे कौतुक करायचे, असाच रिवाज बराच काळ चालला.

तो मोडण्यात विद्यापीठाच्या मराठी विभागातील डॉ. प्रभाकर मांडे यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘गावगाड्याबाहेर’ आहे. आत्र्यांनी ज्यांना ओसरीवरून पाहिले, त्यांच्याकडे मांडे पालावरून पाहतात. ‘मांग आणि त्यांचे मागते’ या पुस्तकात हा बदल ठळक होतो. गावाच्या दृष्टीने तळाशी ढकललेल्या जातीलाही स्वतःचे मागते असतात. मांगांचे मागते म्हणजे डक्कलवार. ते इतरांकडे न मागता मांगांकडेच मागतात, किंगरी वाजवून त्यांची कुळकथा सांगतात आणि वंशावळ स्मरणात ठेवतात. गावाने नाकारलेला इतिहास त्या जातीला या कथनातून मिळतो, आणि सांगणाऱ्याला मिळणारे दान हा त्याचा हक्क ठरतो. नुसता मजकूर उतरवून घेतला तर यातले काहीच हाती लागत नाही.

गोंधळाचेही तसेच. संबळ-तुणतुण्याच्या साथीत देवीला आणि इतर दैवतांना त्यांच्या ठाण्यांसह बोलावले जाते, मग आख्यान लागते. यजमानाचे कुलदैवत कोणते, कार्य लग्नाचे की नवसाचे, यावर सादरीकरण ठरते. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे भेद आहेत. पहिले रेणुकेचे, दुसरे तुळजाभवानीचे. बोटांच्या खुणांनी जोडीदाराला शब्द कळवणारी करपल्लवी ही त्यांची खास विद्या. अशा सांकेतिक आणि गुप्त भाषांवरही मांडे यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. विषय नाजूक होता: १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि तो १९५२ मध्ये पुसला गेला तरी वही घेऊन पालावर आलेला माणूस पोलिसांचाच वाटे. मांडे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या मौखिक कथांमधून खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांचा माग काढला. खंडोबाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. पेठ आणि रान यांचे नाते त्या लग्नांत गुंफलेले दिसते. संभाजीनगरला लागून असलेल्या सातारा येथील खंडोबाच्या देवळात चंपाषष्ठीला भरणाऱ्या यात्रेकडेही या अंगाने पाहता येते.

१९८० नंतर चित्र पालटले. लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आल्यावर भटक्या-विमुक्तांविषयी बाहेरच्यानेच लिहायचे, ही स्थिती उरली नाही. अभ्यासकाला परंपरा दिसत होती तिथे या लेखकांनी भूक आणि जातपंचायतीचा जाच दाखवला. लोकसाहित्याच्या अभ्यासात परंपरेचे जे कौतुक मुरले होते, त्याला हा आवश्यक धक्का होता.

जात्यावरच्या ओव्यांचे काम याच सुमारास पुण्याहून सुरू झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या डिजिटल अभिलेखागाराकडे आला. त्यात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही जपले आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या त्यात आहेत. माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या चालींत आणि नात्यांच्या शब्दांत तिथे भीमराव आणि रमाई बसतात. संग्रहाचा थोडाच भाग ध्वनिमुद्रित आहे. उरलेल्या ओव्यांचे शब्द आहेत, गळा नाही.