देवलांची श्रुति-हार्मोनियम आणि जुन्या पेट्यांचा इतिहासशोध

जुन्या हार्मोनियमची खरेदी करणारा ग्राहक सामान्यतः तीन गोष्टी पाहतो : भाता वारा धरतो की नाही, लाकूड किडले आहे काय, आणि रीड कोठली आहेत. 'पॅरिस' किंवा 'जर्मन' हा शब्द उच्चारला गेला की किंमत वाढते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यावर विसंबता येत नाही. अलेक्झांद्र दबें याने १८४० मध्ये पॅरिस येथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे पेटी भारतात बनवून तीत परदेशी रीड बसविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे पेटीचे आणि रीडचे वय एकच असेल असे नाही. दर्शनी पट्टीवरील नावही पुष्कळदा निर्मात्याचे नसून विक्रेत्याचे असते.

सांगली व मिरज यांच्या दरम्यान वसलेल्या विश्रामबाग परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा आधार त्यांनी श्रुतिमापनासाठी घेतला होता. मुंबई इलाख्यातील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने देवलांनी श्रुति-हार्मोनियमची योजना केली आणि ती लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याने तयार केली. क्लेमंट्स यांचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ चा. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीचा व तिच्यामागील सिद्धांताचा ऊहापोह झाला, पं. भातखंडे यांना तो सिद्धांत मान्य झाला नाही.

देवलांचे गणित बरोबर होते की चूक, हा वाद संगीतशास्त्राचा आहे. परंतु अशी पेटी हा त्या वादाचा प्रत्यक्ष पुरावा होय, आणि तो पुरावा ग्रंथापेक्षा नाजूक आहे. कारण रीडचा सूर घासून बदलतात : टोकाशी घासल्यास सूर चढतो, मुळाशी घासल्यास उतरतो. घासलेला धातू परत येत नाही. खरेदीनंतर हौसेने 'पेटी सुरात' करून घेणारा मालक नेमका हाच पुरावा नष्ट करतो, आणि तेही पैसे मोजून! म्हणून दुरुस्तीपूर्वी प्रत्येक रीडचे मापन करून, घासल्याच्या खुणांची छायाचित्रे घेऊन ठेवणे अगत्याचे ठरते.

समविभागी सप्तकात षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. ५:४ या प्रमाणाचा गंधार सुमारे ३८६ सेंटवर. धैवताचे आकडे अनुक्रमे ९०० व सुमारे ८८४. एखाद्या जुन्या पेटीत गंधार ३८६ च्या आसपास आढळला म्हणून ती देवलांची ठरत नाही, कारण तंबोऱ्यावर कान तयार झालेला साधा पेटी दुरुस्त करणारा कारागीरही गंधार तसा उतरवू शकतो. सप्तकात बारापेक्षा अधिक स्वर देणारी रचना पेटीत असली पाहिजे, आणि ती मूळचीच असली पाहिजे. येथेही सावधगिरी हवी. एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केल्यापासून अधिक श्रुती देणारी प्रत्येक पेटी देवलकालीन समजता येत नाही. अशा वेळी लाकडाचे सांधे, खिळ्यांचे व स्क्रूंचे घाट आणि स्वरपट्ट्यांच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने घातलेले क्रमांक यांचीच साक्ष प्रथम घ्यावी लागते.