रेघेची जाडी व प्रतिकृतीचें मान

लेखाचा आकार बदलला म्हणजे त्यांतील रेघेचें काय होतें, हा प्रश्न वरवर छापखान्याचा दिसतो. परंतु तो संशोधकाचाही आहे. मोडी पत्राचें हस्ताक्षर पारखतांना बोरूच्या टोकाची रुंदी व अक्षराची उंची यांचें प्रमाण आपण पाहतों. तें प्रमाण प्रतिकृतींत बिघडलें, तर पुराव्याचा एक धागा तुटला असें समजावें.

या प्रश्नाचा विचार प्रथम नकाशे काढणारांस करावा लागला. इंग्लंडांत सर हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखालीं सरकारी मोजणीखात्यानें साउदॅम्प्टन येथें फोटोग्राफीनें नकाशे लहान करण्याची व ते जस्ताच्या पत्र्यावरून छापण्याची रीत बसविली. १:२५०० मानाचा नकाशा १:१०५६० मानावर आणला म्हणजे प्रत्येक रेघ सुमारें सव्वाचार पट बारीक होते. लहान नकाशावर ०.१ मिलिमीटर जाडीची रेघ उमटावयाची, तर मोठ्यावर ती ०.४२ मिलिमीटर काढणें भाग आहे. अर्थात् रेघेची जाडी मूळ कागदाकडे पाहून ठरवावयाची नसून शेवटच्या छापाकडे पाहून ठरवावयाची असते. याच रीतीनें १०८६ सालच्या डूम्सडे बुकाच्या प्रतिकृति निघूं लागल्या. त्यांतील कॉर्नवॉल परगण्याचा भाग १८६१ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. नकाशाचें साधन हस्तलिखिताच्या कामीं आलें तें असें.

प्रदर्शनाकरितां एखादें पत्र भिंतीएवढें करावयाचें झाल्यास उलट अडचण येते. ४ मिलिमीटर उंचीच्या अक्षराची रेघ १ मिलिमीटर जाड आहे असें धरूं. फोटोनें दसपट वाढविल्यास उंची ४० व जाडी १० होऊन १:४ हें प्रमाण कायम राहतें. तेंच अक्षर मोठें आंखून पूर्वीच्याच लेखणीनें गिरविलें, तर प्रमाण १:४० होतें. वळण त्याच लेखकाचें, पण हात परका! संगणकावर हे दोन्ही मार्ग एकाच खुणेनें निवडतां येतात, म्हणून तेथें अधिक जपावें.

दुसरा मोह वाचनीयतेचा. साधारण दृष्टीस ३ मीटरांवरून १ मिलिमीटरहून किंचित् बारीक रेघ जेमतेम दिसते. मुळांतील ०.१ मिलिमीटरची निमुळती रेघ दसपट करूनही याच सीमेवर येते. प्रेक्षक आणखी दूर उभा राहणार असेल, तर केवळ तेवढ्याच रेघा जाड करण्याकडे कल होतो. तसें केल्यास जाड व बारीक रेघांमधील जें अंतर बोरूच्या तिरप्या कापामुळें पडतें, तेंच नाहींसें होतें. त्यापेक्षां सबंध पत्र आणखी वाढवावें, किंवा शेजारीं स्वच्छ बाळबोध नक्कल लावावी.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, छायाचित्र घेतांना पत्राशेजारीं मोजपट्टी ठेवावी व ती प्रतिकृतींतून कापूं नये. ‘निम्म्या आकारांत’ ही टीप पुढील छपाईंत खोटी ठरूं शकते. चित्रांतील पट्टी मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते.