निनवेलाही क्षमा? संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील न्याय आणि दया

जुन्या करारातील परमेश्वर न्यायनिष्ठुर आणि नव्या करारातील तेवढा दयाळू, असा समज आपल्या भाविकांमध्ये अजूनही आढळतो. संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचल्यावर तो टिकत नाही.

इ.स.पूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत, इस्राएलच्या उत्तर राज्यात सुबत्ता होती. अशा वेळी यहुदातील तकोवा गावचा मेंढपाळ आमोस बेथेल येथे आला. पायतणाच्या जोडाच्या मोलाने गरीब विकला जातो आणि धनिक हस्तिदंती पलंगांवर लोळतात, असा त्याचा आरोप होता. ही कविकल्पना नव्हे. राजधानी शोमरोनच्या उत्खननात १९३०च्या दशकात हस्तिदंती कोरीवकामाचे असंख्य तुकडे मिळाले आहेत. न्याय नसेल तर सण, यज्ञ आणि गीतेही परमेश्वराला नकोशी होतात, असे आमोसने बजावले. बेथेलचा याजक अमस्या याने त्याला हाकलून दिले.

त्याच राज्यात थोड्या वर्षांनी होशेय बोलू लागला. त्याचा आवडता शब्द ‘हेसेद’. त्यात दया आहे आणि दिलेल्या वचनाशी निष्ठाही आहे. मराठीतील एका शब्दात तो मावत नाही. जकातदारांच्या पंगतीवरून टीका झाली तेव्हा येशूने होशेयाच्याच वचनाचा आधार घेतला (मत्तय ९:१३). मात्र या दयेमुळे कर्माची फळे टळली नाहीत. इ.स.पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरी सैन्याने शोमरोन जिंकले.

हे ध्यानात ठेवून योनाचा ग्रंथ वाचावा. आपल्याला त्यातला मासाच तेवढा आठवतो. खरा वाद चौथ्या अध्यायात आहे. निनवे हे अश्शूरचे महानगर. त्यालाही क्षमा होईल, हे ठाऊक असल्यामुळेच आपण तार्शीशकडे पळालो, असे योना रागाने सांगतो. त्याच्या या रागाला आपण हसू नये. ज्यांची घरेदारे लुटली गेली, त्यांना लुटारूला मिळालेली क्षमा दुसऱ्या अन्यायासारखीच वाटते. त्याच संग्रहातील नहूमाचा ग्रंथ निनवेच्या पतनाचा उघड हर्ष करतो. ते नगर इ.स.पूर्व ६१२ मध्ये पडले.

तरीही निनवेची क्षमा फुकाची नाही. राजा गोणपाट नेसतो, उपवास फर्मावतो आणि प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा अशी आज्ञाही देतो. देवाने त्यांची कृती पाहिली, असे ग्रंथकार म्हणतो. गोणपाट पाहिले असे म्हणत नाही. हा भेद यहुदी धर्मगुरूंनीही ‘मिश्ना’मध्ये आवर्जून नोंदवला आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे ‘योम किप्पूर’ला, दुपारच्या प्रार्थनेत यहुदी बांधव हा संपूर्ण ग्रंथ वाचतात. आपल्या उपासनेत त्याचा तिसरा अध्याय प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील बुधवारी वाचला जातो. योनाची तक्रार त्या वाचनात येत नाही. ती वाचण्यासाठी घरी बायबल उघडावे लागते.