टोपी काय सांगते?

इतिहासाच्या पेपरात हमखास येणारी एक टीप सगळ्यांना आठवत असेल : ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन नावे लिहायची, प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणे द्यायची, की गुण पदरात. ही तिन्ही साधने एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागली तर कोणाचे ऐकायचे, हे तेव्हा कोणी विचारले नाही. नोकरीनिमित्त जर्मनीत राहायला आल्यावर हा प्रश्न मला पुन्हा भेटला, तो एका टोपीच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याची टोपी.

आपल्याकडे फौजदार घालतात तशीच ही पीक कॅप. जर्मन नाव शिर्ममुत्से. भूसैन्याच्या टोपीचा वरचा भाग करड्या-हिरव्या लोकरी कापडाचा, खाली गडद हिरवी पट्टी, पुढे काळा चकचकीत छज्जा. सैनिकाच्या टोपीला काळा चामडी पट्टा, अधिकाऱ्याच्या टोपीला रुपेरी गोफ. कडेच्या पायपिंगच्या रंगावरून सैन्याची शाखा कळायची : पायदळाला पांढरा, तोफखान्याला तांबडा, रणगाडा दलाला गुलाबी.

अशा टोप्या जमवणारे लोक जगभर आहेत. खऱ्या टोप्या मोजक्या आणि गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे नकलांचा धंदा युद्ध संपल्यापासून आजतागायत चालू आहे. म्हणून जाणकार माणूस टोपी हातात घेतल्यावर बिल्ल्याकडे सर्वांत शेवटी बघतो. बिल्ला दोन मिनिटांत बदलता येतो. आधी टोपी उलटी करायची.

आत चामड्याची पट्टी असते. खरोखर वापरलेल्या टोपीत कपाळाच्या बाजूला घामाचा डाग उतरलेला असतो आणि तो कडेला विरत जातो. नक्कल करणारे चहाच्या पाण्याने रंगवतात, तो रंग सगळीकडे सारखा बसतो. अस्तराच्या मध्यभागी बऱ्याचदा सेल्युलॉइडचा पारदर्शक तुकडा शिवलेला असतो आणि त्याखाली कारखान्याचे नाव, उदाहरणार्थ बर्लिनच्या रॉबर्ट लुबस्टाइनचा ‘एरेल’ हा छाप. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. जुना तुकडा पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि बोटाने चोळला की कापराचा मंद वास येतो. आजचे प्लॅस्टिक मऊ, स्वच्छ आणि बिनवासाचे. (जाळून मात्र कोणी पाहू नये, सेल्युलॉइड क्षणात पेट घेते.) छज्जा बहुधा व्हल्कनफायबरचा, म्हणजे रसायनात मुरवून दाबलेल्या कडक कागदाचा. वरच्या काळ्या लाखेला वयानुसार बारीक भेगा जातात.

मग शिवण. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ साली लागला आणि तो बाजारात आला युद्धानंतर. तेव्हा १९३८ सालच्या म्हणवणाऱ्या टोपीत पॉलिएस्टरचा दोरा सापडला, तर एक तर ती टोपी नकली किंवा तिथली शिवण नंतरची. दुसरी चाचणी अतिनील दिव्याची. आपल्या शाळेचे पांढरे शर्ट टिनोपालमध्ये बुडवून निघायचे; तसली उजळवणारी रसायने या दिव्याखाली निळसर चमकतात. जुन्या लोकरीने असे चमकू नये. पण खरी टोपीसुद्धा कोणी नव्या पावडरने धुतली असेल तर चमकेल, आणि जुन्या कापडातून शिवलेली नक्कल मुळीच चमकणार नाही. त्यामुळे एका चाचणीवर निकाल देता येत नाही. कापड, दोरा, चामडे, धातू, डाग, सगळ्यांनी मिळून एकच साल सांगितले पाहिजे.

स्थितीचाही हाच न्याय. लोकरीला कसर लागते. कसर आधी कापडाची लव चरत जाते, मग भोक पडते. ब्लेडने पाडलेले भोक एकदम आरपार असते. बिल्ला पहिल्यापासून तिथेच असेल तर त्याखालचे कापड कमी विटलेले दिसते. दुसराच बिल्ला नंतर लावला असेल तर जुन्या टाचांची भोके आणि जुनी सावली जुळत नाहीत. पायपिंग पांढऱ्याचे गुलाबी केले की किंमत वाढते, पण शिवणीत सुईची जुनी छिद्रे उरतात. म्हणूनच जुनी टोपी धुऊ नये, बिल्ला घासूनपुसून चकचकीत करू नये, फाटलेले अस्तर बदलू नये. दिसायला ती सुधारते आणि साक्षीदार म्हणून मुकी होते.

हे झाले भौतिक साधन. लिखित आणि मौखिक साधने मात्र विकणाऱ्याच्या हातात असतात. ‘आजोबांनी युद्धातून आणली’, ‘माळ्यावर पेटीत सापडली’, सोबत एक पिवळट चिठ्ठी. कोन्राड कुयाऊ हा माणूस अशा वस्तूंचा व्यापार करायचा. पहिल्या महायुद्धातले एक खरे, पण किरकोळ किमतीचे शिरस्त्राण त्याच्याकडे होते. हिटलरने ते १९१७ साली वापरले होते, अशी रुडॉल्फ हेसच्या सहीची खोटी चिठ्ठी त्याने जोडली आणि भाव चढवला. पुढे याच कुयाऊने हिटलरच्या रोजनिश्या लिहून काढल्या. ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने त्यांच्यासाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले आणि एप्रिल १९८३ मध्ये जगाला बातमी दिली. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या, पण पडताळणीसाठी मिळालेल्या नमुन्यांतही कुयाऊचेच हस्ताक्षर होते. आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच त्याची चाचणीही लिहिली की काय होते, ते सांगायला नको! शेवटी जर्मन संघराज्याच्या अभिलेखागारात तपासणी झाली. कागदात उजळवणारे रसायन निघाले, बांधणीत पॉलिएस्टर निघाले, दोन्ही युद्धानंतरची. जाहीर झाल्यापासून दोन आठवड्यांत सगळे कोसळले. १९८५ साली कुयाऊला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. इतिहासकार आणि संपादक जिथे फसले, तिथे दोऱ्याने खरे सांगितले.

तुम्ही म्हणाल, नाझींच्या टोप्यांचे एवढे कौतुक कशाला? कौतुक अजिबात नाही. जर्मनीत त्यांचे स्वस्तिक-चिन्ह सार्वजनिकरीत्या मिरवणे हा दंडविधानाच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण आणि कला यांना सवलत आहे. पण बाजाराचे गणित उलटे चालते. यहुदींच्या कत्तलीत अग्रभागी असलेल्या एसएस संघटनेची टोपी साध्या शिपायाच्या टोपीच्या कितीतरी पट भावाने जाते. मग नक्कल करणारा काय करतो? शिपायाची खरी टोपी घेतो, बिल्ले आणि पायपिंग बदलतो आणि ती एसएसची म्हणून विकतो. यात गिऱ्हाईक फसते हे दुःख छोटे. एक खरा पुरावा कायमचा नष्ट होतो, हे नुकसान मोठे. त्या काळात असे काही घडलेच नाही असे म्हणणारे लोक आजही आहेत. त्यांच्यापुढे ठेवायला खऱ्या वस्तू लागतात, आणि प्रत्येक उघडी पडलेली नक्कल त्यांच्या हातात कोलीत देते.

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. याच जर्मन सैन्याशी इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढता लढता धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबरोबर लढलेल्या कितीतरी जवानांच्या पेट्या साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरांत असतील. पदके, पट्टे, पत्रे, कदाचित एखादी परकी टोपीसुद्धा.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आणि आदरणीय शिक्षकहो, एक विनंती. घरात अशी वस्तू असेल तर ती पॉलिश करू नका. उन्हापासून, दमटपणापासून आणि कसरीपासून जपा. कोणाची, कुठून आली, हे तुम्हाला कोणी सांगितले ते एका कागदावर लिहा, खाली तारीख आणि सही करा. ऐकलेले असेल तर ‘ऐकले’ असेच लिहा. वस्तू स्वतःची साक्ष देईलच; तिच्या शेजारी आपणही खरेच बोललेले बरे.