विमानाचा तळ : सांताक्रूझ-सहारची कुळकथा

मराठीतील ‘विमानतळ’ हा जोडशब्द फार वेगळ्या वयाच्या दोन शब्दांपासून झाला आहे. त्यातील ‘विमान’ हा संस्कृतातून आलेला जुना शब्द असून ‘मोजणे’ या अर्थाच्या ‘मा’ धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध होतो. रामायणातील पुष्पक असो की तुकोबांना वैकुंठास नेणारे, वारकऱ्यांच्या मनात ठसलेले वाहन असो, मराठी माणसाला यंत्र पाहण्यापूर्वी शेकडो वर्षे हा शब्द ओळखीचा होता. मंदिरशास्त्रात गाभाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या शिखरयुक्त वास्तूलाही विमानच म्हणतात, आणि हे दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोरकरांना फार लांब जावे लागत नाही, कारण कन्नडला लागून असलेल्या खुलताबाद तालुक्यात वेरूळचे कैलास लेणे आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने एलापुरास, म्हणजे वेरूळला, उभारलेले देवालय पाहून विमानांतून संचार करणारे देवही थक्क झाले, अशा आशयाचे वर्णन इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात आहे. एका विमानाकडे दुसऱ्या विमानांतून पाहिले जात असल्याची ही कल्पना बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीने याच डोंगररांगेतील खडकाकडे पाहून केली, ही गोष्ट या भागातील माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

‘तळ’ हा मात्र घोडदौडीचा आणि मुक्कामाचा शब्द आहे. लष्कर, काफिला, दिंडी किंवा मेंढपाळ जेथे उतरतात, राहुट्या ठोकतात, जनावरे बांधतात आणि काम झाले की उठून जातात, ती जागा म्हणजे तळ; म्हणूनच तळ ‘पडतो’, ‘ठोकला जातो’ आणि ‘हलतो’. हिंदीने विमानांच्या जागेला ‘अड्डा’ म्हटले, म्हणजे नेहमी जमण्याचे ठिकाण, आणि तमिळने ‘निलैयम’, म्हणजे स्थान. मराठीने मात्र लष्करी तळ आणि नाविक तळ यांच्या पंक्तीला विमानाचा तळ बसवला व पुढे त्याच चालीवर वाहनतळही केला. दीर्घकाळ देशाचे मुख्य आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार राहिलेल्या मुंबईच्या विमानतळाचा इतिहास तपासला असता हा शब्द किती नेमका बसला आहे हे लक्षात येते, कारण तो विमानतळ खरोखरच लष्कराच्या तळातून जन्मला आणि त्या तळाची आखणी आजही त्याच्या अंगावर आहे.

या कुळाचा मूळपुरुष मात्र सांताक्रूझ नसून जुहू आहे. समुद्रकाठच्या सखल जमिनीवर १९२८ साली जुहूचे एरोड्रोम सुरू झाले. एरोड्रोम म्हणजे विमानांना उतरता-उडता येईल असे सपाट मैदान, ज्यात पक्की धावपट्टी असलीच पाहिजे असे त्या काळी गृहीत नव्हते. भारतातील नागरी विमानवाहतुकीचे हे पहिले मैदान होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ जातीचे एक इंजिनाचे लहान विमान अहमदाबादमार्गे येथे आणून उतरवले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. वाटेत अहमदाबादला विमानात भरायच्या पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. टपालाचे वजन सुमारे २५ किलो, म्हणजे खेड्यातील माणूस बाजाराच्या दिवशी सहज डोक्यावर घेईल एवढे होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा या सेवेला आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे, म्हणजे तळ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

सांताक्रूझचे मैदान ब्रिटिश हवाई दलाने, म्हणजे रॉयल एअर फोर्सने, १९३० च्या दशकात आखले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचा मोठा लष्करी तळ झाला. तेथे एकमेकींना छेद देणाऱ्या तीन धावपट्ट्या होत्या. त्या काळची विमाने हलकी असल्याने आडवा वारा त्यांना ढकलून धावपट्टीबाहेर नेई. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला सामोरी जाणारी एखादी पट्टी हाताशी असावी, अशा हिशेबाने धावपट्ट्या तिरप्या-आडव्या टाकण्याची पद्धत जगभर होती. युद्ध संपल्यावर १९४६ पासून हा तळ टप्प्याटप्प्याने नागरी विमानवाहतुकीच्या खात्याकडे आला, आणि लष्कराने सोडलेली दोन हँगर, म्हणजे विमाने ठेवण्याची उंच छपराची पत्र्याची घरे, प्रवाशांसाठी वापरात घेण्यात आली. एकात देशांतर्गत प्रवासी, दुसऱ्यात परदेशचे प्रवासी आणि त्यांच्यासाठी जकातीचे व पारपत्र तपासणीचे टेबल. यात गरिबीचे काही नव्हते. लंडनचा हीथ्रो विमानतळही युद्धकाळात हवाई दलाच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर उभा राहिला आणि १९४६ मध्ये तेथील पहिल्या प्रवाशांची व्यवस्था तंबूंत केलेली होती. तळावरचा तंबू काय किंवा हँगर काय, शांततेच्या काळातील पहिली विमानवाहतूक जगभर युद्धाच्या उष्ट्या सामानावर सुरू झाली, हे येथे नोंदवले पाहिजे.

याच सांताक्रूझहून ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे चार इंजिनांचे विमान ३५ प्रवाशांना घेऊन कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र होऊन वर्षही न झालेल्या देशाची ही पहिली युरोपची विमानसेवा होती, आणि ती जेथून निघाली त्या जागेत पत्र्याचे छप्पर व लष्करी काँक्रीट याखेरीज फारसे काही नव्हते, ही बाब पुढील सर्व वैभवापेक्षा महत्त्वाची मानावी लागते. जुना तळ आणि नवा तळ इतके जवळ होते की परदेशी वैमानिकांची फसगत होई. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले, आणि ते तेथून पुन्हा बाहेर उडवून नेण्यास सुमारे नऊ दिवस लागले. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली व ते पट्टी संपवून पुढे गेल्याने कायमचे निकामी झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. जुहू आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचे ठिकाण असून समुद्रातील तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण तेथून होते.

१९५८ साली सांताक्रूझला प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारत झाली. पुढच्याच दशकात जेट विमाने रूढ झाली, आणि १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ दाखल झाल्यावर एका खेपेस साडेतीनशेच्या आसपास माणसे उतरू लागली. पस्तीस प्रवाशांच्या विमानापासून येथपर्यंतचे अंतर तेवीस वर्षांचे होते. परदेशी प्रवाशांसाठी वेगळी इमारत बांधावी, अशी शिफारस १९६७ साली नेमलेल्या टाटा समितीने केली होती. ती प्रत्यक्षात येण्यापूर्वीच १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागली. अखेर मैदानाच्या पूर्वेकडच्या बाजूस सहार गावाजवळ नवी इमारत उभी राहून तिचे तीन भाग १९८१ पासून टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले. तेव्हापासून मुंबईकराच्या तोंडी ‘सांताक्रूझ’ म्हणजे देशांतर्गत आणि ‘सहार’ म्हणजे परदेशाचे विमान असा भेद रूढ झाला. सहार हे ख्रिस्ती वस्तीचे जुने गाव. आखाती देशांत कामाला निघालेल्या असंख्य मजुरांनी मात्र ते नाव केवळ निरोपाच्या जागेचे म्हणून ऐकले.

इमारती बदलल्या तरी धावपट्ट्यांची रेषा बदलली नाही. आज वापरात असलेल्या दोन पट्ट्यांना ०९/२७ आणि १४/३२ असे क्रमांक आहेत. होकायंत्रावरील अंशांना दहाने भागून हे क्रमांक ठरवतात, त्यामुळे ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व, आणि २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. एकच पट्टी कोणत्या टोकाकडून वापरली यावर तिचा क्रमांक अवलंबून असतो. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून येत असल्याने विमाने घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या अंगाने समुद्रावर निघतात. या दोन पट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे समांतर पट्ट्यांप्रमाणे त्या दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत, आणि जी रचना हलक्या विमानांच्या काळात शहाणपणाची होती तीच पुढे वाढत्या वाहतुकीला दोरी बांधणारी ठरली. तरीही २०१८ साली येथील नियंत्रकांनी व्यवहारतः एकाच धावपट्टीवर एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे व अवतरणे पार पाडली. वेरूळच्या शिल्पकाराने खडक वरून खाली खोदत नेला तेव्हा एकदा मारलेला घाव परत घेता येत नव्हता. विमानतळाच्या आखणीचेही तसेच आहे, कारण भोवती एकदा वस्ती बसली की पट्टी वळवता येत नाही.

आखणीचा दुसरा परिणाम पाण्यावर झाला. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतून, मुख्य धावपट्टीखालून जाते, आणि विस्ताराच्या कामांत तिला अवघड वळणे व अरुंद वाट मिळाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, मिठी पात्राबाहेर पसरली आणि विमानतळ बंद पडला. या महापुराची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. माधवराव चितळे हे छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालेले जलतज्ज्ञ. पाण्याच्या टंचाईच्या प्रदेशात राहणाऱ्या या अभ्यासकाकडे पाण्याच्या अतिरेकाचे निदान आले, आणि नदीच्या वाटेतील अडथळ्यांची चर्चा त्या अहवालात झाली.

१९९९ मध्ये या विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द अधिकृतपणे जोडला गेला. तो आरंभापासूनच असायला हवा होता. २००६ मध्ये व्यवस्थापन खासगी भागीदारीकडे गेले, जुन्या सहारच्या जागी नवे टर्मिनल उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१४ पासून तेथून विमाने सुटू लागली. त्याचे छत व खांब मोरपिसाऱ्याच्या कल्पनेवर बेतलेले असून आतील लांब भिंतींवर देशभरातील कारागिरांच्या हजारो वस्तू मांडलेल्या आहेत. प्रवाशांच्या संख्येत दिल्लीने मुंबईला मागे टाकले त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि त्यामागचे कारण पुन्हा जमिनीतच सापडते, कारण दिल्लीला धावपट्ट्या वाढवण्यास मोकळी जागा होती आणि मुंबईला नव्हती.

पिशोर परिसरातून परदेशी जाणाऱ्या माणसाची वाट बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबईला आणि तेथून पुढे जाते, म्हणून या कुळातील चिकलठाण्याच्या शाखेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांमुळे दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद (म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर), मुंबई अशी विमानफेरी वर्षानुवर्षे चालत असे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर उन्हाळ्यात या फेरीचे, जड भार घेतलेले बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघताना धावपट्टीच्या शेवटी जेमतेम उचलले गेले आणि टोकाजवळील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचे चाक धडकले. पुढे ते विजेच्या तारांवर आदळून कोसळले व ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात पंखांना कमी उचल मिळते आणि विमानाला अधिक लांब धावावे लागते, हे शास्त्र मराठवाड्याच्या उन्हाळ्याला नेमके लागू पडते. विमान उशिरा उचलल्याबद्दल वैमानिकांना जबाबदार धरण्यात आले, तसेच उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक रोखली गेली नव्हती याकडेही चौकशीत बोट दाखवण्यात आले. कापूस हे येथले रोजचे पीक आणि त्याच्या गाठींचा ट्रक हे येथल्या रस्त्यावरचे रोजचे दृश्य. तळ आणि रस्ता यांच्यातील अंतर किती असावे हा प्रश्न कागदावरचा नाही, हे त्या दुपारी कळले. २००९ मध्ये चिकलठाण्यास नवी इमारत झाली, हज यात्रेकरूंची विमानेही येथून गेली आहेत, आणि या विमानतळास छत्रपती संभाजी महाराजांचे नाव देण्याचे राज्य शासनाने २०२० मध्ये ठरवले.

कुळाची सर्वांत नवी शाखा पनवेल-उलवे परिसरात आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. येथे धावपट्ट्या आरंभापासून समांतर आखल्या आहेत, म्हणजे सांताक्रूझच्या छेदणाऱ्या रेषांचा धडा घेतला गेला. मात्र त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदी वळवावी लागली आणि दहा गावांना उठावे लागले. या भागातील शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळावेत यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला, १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन आंदोलक मारले गेले, आणि या विमानतळाला दि. बा. पाटील यांचेच नाव देण्याचे राज्य शासनाने ठरवले. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश आणि ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणाराही. सांताक्रूझ आणि सहारच्या भातखाचरांचे मालक व कसणारे कोणत्याही फलकावर आले नाहीत, उलव्याच्या बाबतीत मात्र जमीन देणाऱ्यांच्या नेत्याचे नाव दारासाठी पुढे आले.

मुंबईहून वा मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक सामानाच्या चिठ्ठीवर आजही ‘बीओएम’ ही तीन अक्षरे छापली जातात. शहराचे नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, विमानतळाचे नाव दोनदा बदलले, हँगरे गेली, टर्मिनले पाडून पुन्हा बांधली गेली, आणि बॉम्बेची ती तीन अक्षरे चिकलठाण्याहून निघालेल्या पेटीच्या मुठीला अजूनही बांधलेली असतात.