वीज गेली, फेरिस्त चुकली : भिवंडी, भारनियमन आणि चेकडिस्क

२६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीचे वीजवितरण महावितरणकडून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेले. अशी फ्रँचायझी देशात प्रथमच दिली जात होती. तोवर या यंत्रमागांच्या शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे वसूल होत नव्हते, आणि राज्यभर भारनियमनाचे दिवस होते.

वीज अचानक गेली की माग थांबतो. थांबल्या जागी कापडावर आडवी पट्टी उमटते, ती डोळ्यांना दिसते. त्याच खोलीतल्या हिशेबाच्या संगणकावर काय उमटले, हे मात्र दिसत नाही. ते शोधण्यासाठी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून चालवायची साधने जन्माला आली. त्यांचा इतिहास म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांचा इतिहास होय.

हे समजायला पेशवे दफ्तर आठवावे. कागद रुमालांत बांधलेले. कोणत्या रुमालात काय, हे सांगणारी फेरिस्त निराळी. कारकुनाने फेरिस्तीत नोंद केली आणि कागद रुमालात ठेवण्याआधीच दिवा विझला, तर नोंद आहे पण कागद नाही. उलट घडले, तर कागद आहे पण त्याचा पत्ता कोणालाच नाही. डिस्कवरही मजकूर एकीकडे आणि त्याची फेरिस्त दुसरीकडे असते. वीज या दोन लेखनांच्या मधल्या क्षणी गेली, की दोघींचा मेळ तुटतो.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये हा मेळ तपासायला ‘आयचेक’, ‘डीचेक’ अशा सुट्या आज्ञा होत्या. त्या दोष दाखवीत. दुरुस्ती मात्र बरीचशी जाणत्या माणसाच्या हातावर आणि धीरावर अवलंबून असे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमधील टेड कोवाल्स्की यांनी ‘एफएससीके’ लिहिले. ते टप्प्याटप्प्याने सारी फेरिस्त चाळते, एकाच जागेवर दोन फायलींनी हक्क सांगितला आहे का ते पाहते, आणि बेवारस सापडलेल्या फायली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवते. नाव हरवलेले असते, म्हणून तिथे फाइलीला केवळ एक क्रमांक मिळतो.

टिम पॅटरसन यांच्या ८६-डॉसबरोबर १९८० मध्ये ‘चेकडिस्क’ आले. पुढे ८६-डॉसचेच एमएस-डॉस झाले आणि ही आज्ञा जगभर पोहोचली. विंडोज एक्सपी वापरलेल्यांना तो निळा पडदा आठवत असेल : वीज परत आल्यावर संगणक सुरू करावा, तर आधी डिस्क तपासायची असल्याची सूचना, आणि तपासणी टाळायची असल्यास दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबण्याची मुभा. घाईतला माणूस कळ दाबून मोकळा होई. बिघडलेल्या फेरिस्तीवरच नवी नोंद चढे.

फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर हा पडदा विशेष दिसे, कारण तिच्यापाशी घडणाऱ्या बदलांचा खर्डा नव्हता. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसने तो ठेवला. लिनक्सच्या मूळ गाभ्यात २००१ मध्ये दाखल झालेल्या ईएक्सटी-३ नेही. पेढीवरची ही रीत जुनीच : आधी खर्ड्यात टिपावे, मग पक्क्या वहीत उतरावे. मधेच वीज गेली, तर खर्डा वाचून अपुरी नोंद एक तर पुरी करता येते, नाही तर रद्द.

फायलींची नासाडी विजेनेच होते असेही नाही. नव्वदच्या दशकात एखादा नवा प्रोग्रॅम चढवताना तो विंडोजची सामाईक फाइल बेधडक बदलून टाकी आणि दुसराच प्रोग्रॅम कोसळे. फेरिस्त इथे शाबूत असते. बदललेला असतो कागद. म्हणून अस्सल प्रतीशी ताडून पाहण्याची सोय लागते. विंडोज ९८ मध्ये ‘सिस्टिम फाइल चेकर’ आला. विंडोज २००० पासून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा रूढ झाली. एक्सपीच्या काळात राखीव प्रत हाताशी नसली, तर ती मूळ सीडी मागे, तीही त्याच सर्व्हिस पॅकची. मित्राकडून आणलेली सीडी अशा वेळी बहुधा कुचकामी ठरे. विस्टापासून अस्सल प्रती डिस्कवरच्याच एका कोठारात राहू लागल्या. पण कोठारच बिघडले तर? त्यासाठी २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘डिझम’ या आज्ञेला ‘रिस्टोअरहेल्थ’ची जोड मिळाली. आजही कोठार शंकास्पद वाटले की आधी डिझम आणि मग एसएफसी, हा क्रम त्यामुळेच. अस्सल मानलेली प्रतच खोटी असेल, तर ताडण्याला अर्थ उरत नाही.

या साऱ्या साधनांच्या शेवटी ‘दुरुस्ती झाली’ अशा अर्थाचा संदेश येतो, आणि तिथेच सामान्य माणसाची फसगत होते. एसएफसी ज्या फायली ताडते त्या विंडोजच्या स्वतःच्या. कारखानदाराची उधारी, सुताची खरेदी, कामगारांची मजुरी यांची अस्सल प्रत त्या कोठारात कधीच नसते. चेकडिस्क फेरिस्त जुळवते; नोंद आणि कागद जुळत नसतील तर प्रसंगी नोंदच खोडते. फॅट डिस्कवर सापडलेले बेवारस तुकडे ‘फाइल ००००’, ‘फाइल ०००१’ अशा नावांनी, ‘सीएचके’ या शेपटीसह, साठवले जातात. ते नोटपॅडमध्ये उघडले, तर चौकोन आणि चिन्हांच्या गर्दीत कधी एखादे ओळखीचे नाव, कधी एखादी रक्कम दिसते. ती कोणाच्या खात्यावरची, हे सांगणारी फेरिस्त तोवर नव्याने लिहून झालेली असते.