परसातील परदेशी पाहुणे

परसात प्रथमच भाजी लावणाऱ्याने तिचे मूळ गाव विचारावे. १४९२ पूर्वी आपल्या मुलखात मिरची नव्हती. तिखटपणा मिरे व पिंपळी पुरवीत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या व्यापारातून अमेरिकेची मिरची इकडे आली. ‘बटाटा’ व ‘कोबी’ ही नावेही त्यांच्याच भाषेची देणगी.

मूळ गाव कळले की ऋतू चुकत नाही. उष्ण देशातील मिरचीचे रोप पावसाच्या आरंभी लावावे. युरोपातील कोबी थंडीसाठी राखावा. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असेल तर तांबडी भाजी पेरावी.

या परक्या मिरचीला आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या बी राखून घरची केली. आपण मात्र बी बाजारातून आणतो. यंदा एक उत्तम मिरची झाडावरच पिकू द्या. पुढील वर्षाची बाग तिच्या पोटात आहे.